ताईच्या खिडकीखालचा जोड

गॅसचे प्लास्टिकचे पाइप जोडणाऱ्या माणसाचं काम कुणाला दिसत नाही. सुताराची खुर्ची दिसते, शिंप्याचा सदरा दिसतो, गवंड्याची वाकडी भिंत तर लांबूनही दिसते. याचं काम मात्र दिवस मावळायच्या आत मातीखाली जातं, वर खडी पडते, डांबर पडतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कुणीतरी खुशाल स्कूटर लावतो. म्हणून असेल, पण या धंद्यात माणसं दोनच प्रकारची सापडतात. काहींना मातीखाली गेलेलं लगेच विसरता येतं, आणि काहींना काही केल्या विसरता येत नाही. ज्याची ही गोष्ट आहे तो सव्वीस वर्षं स्वतःला पहिल्या प्रकारातला समजत होता.

त्याला सगळे भिंगराव म्हणत. जोड लावून झाला की तो खड्ड्यात गुडघे टेकायचा आणि जोडाला जवळजवळ नाक लावून बघत बसायचा. टोळीतल्या कुणीतरी एकदा वरून विचारलं, "अहो, भिंग आणून देऊ का?" झालं, तेव्हापासून तो भिंगराव. साहेबही तेच म्हणायचे. बायको चिडली की म्हणायची, "भिंगराव, भाजी करपलेली दिसत नाही तुम्हाला, पाइपावरचा केस बरा दिसतो!" आणि तो हसायचा, कारण मनातून त्याला या नावाचा अभिमानच होता.

काम ऐकायला सोपं आहे. पाइपाची दोन टोकं तासून सपाट करायची, पुसायची आणि मध्ये एक तापलेली चकती धरायची. टोळीत तिला तवा म्हणतात. दोन्ही टोकं त्या तव्याला टेकवायची, प्लास्टिक मऊ होऊन कडेने त्याची बारीक वळी उठली की तवा झटकन काढायचा आणि मऊ टोकं एकमेकांवर दाबून धरायची. निवलं की दोन पाइपांचा एक पाइप होतो. तवा निघतो आणि टोकं भेटतात त्याच्या मध्ये तीन-चार सेकंद मिळतात. तेवढ्यात त्या मऊ तोंडांवर नजर टाकायची असते. ती गुळगुळीत हवीत, एकसारखी हवीत. त्यानंतर ती तोंडं जगात कुणालाच दिसत नाहीत. गळती दाखवणाऱ्या साबणाच्या पाण्याला आत काय आहे ते कळत नाही, हवेचा दाब देऊन तपासलं तरी पुष्कळदा कळत नाही. बघणारा एकटा जोडणारा. म्हणून जोडाशेजारी चंदेरी मार्करने आपला नंबर आणि तारीख लिहायची पद्धत आहे. भिंगरावाचा नंबर एक्केचाळीस.

आता या पाइपाची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्याला पाणी भिजवत नाही, गंज चढत नाही. पण आसपासच्या मातीत डिझेल, पेट्रोल, रॉकेल असलं काही मुरलेलं असलं तर तो ते गुपचूप पितो. वर्षानुवर्षं पितो. वरून पुसला तर स्वच्छ दिसतो, कारण तेल अंगावर नसतं, अंगात असतं. अशा पाइपाला तवा लावला की आतलं तेल उकळतं आणि मऊ झालेल्या तोंडावर बुडबुडे येतात, जागोजाग खड्डे पडतात. असा जोड धरतो, पण मनापासून धरत नाही. आज परीक्षेत पास होतो, आणि पुढे कधीतरी जमीन जराशी खचली, वरून जड ट्रक गेला, की सुटतो. भिंगरावाला हे काम शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "बुडबुडा दिसला की हात आखडा. तिथे गरम जोड नाही म्हणजे नाही. बोल्टांनी आवळायचा जोड मागवा, साहेबाच्या शिव्या खा, आणि घरी जा." यात न समजण्यासारखं काय आहे? भिंगरावाने पुढे स्वतः कितीतरी जणांना हे जसंच्या तसं शिकवलं.

आणि तरी ते झालं. झालं ते ताईच्या गल्लीत.

ताई त्याची थोरली बहीण, त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा ताईने त्याला कडेवर घेतलं, ते त्याला मिसरूड फुटेपर्यंत खाली ठेवलंच नाही, असं नातेवाईक म्हणत. शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करून तिने त्याचं शिक्षण केलं. आता ती एकटी होती. नवरा गेला होता, मुलगा दूरच्या शहरात होता. तळमजल्यावर दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट गल्लीत उघडणारी. भिंगराव त्याच शहरात, बसने पाऊण तासावर राहायचा आणि वर्षातून तीनदा तिच्याकडे जायचा. चौथ्यांदा फोन करून, यायला जमत नाही, एवढं सांगायचा.

केबल टाकणाऱ्यांच्या मशीनने त्या गल्लीतला पाइप फाडला. दोन्हीकडून चिमटे आवळून गॅस बंद केला, खड्डा लांब उकरला, आणि फाटलेला भाग कापून नवा तुकडा बसवायला भिंगरावाची टोळी आली. गल्लीतल्या सगळ्या शेगड्या सकाळपासून थंड होत्या. माणसं खड्ड्याभोवती हाताची घडी घालून उभी होती, आणि ताईच्या अंगावर तर मूठभर मांस चढलं होतं.

"हा माझा धाकटा भाऊ," ती ज्याला त्याला सांगत होती. "सगळ्यात जुना आहे तो. साहेबसुद्धा त्याला विचारून करतात."

"मग काय, तुमच्या घरचाच माणूस," वरच्या मजल्यावरचे पेन्शनर म्हणाले. "आता आम्हाला कसली काळजी?"

पलीकडचा जोड झकास झाला. राहिला अलीकडचा, ताईच्या खिडकीखालचा. त्या कोपऱ्यावर पूर्वी ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. ते बंद होऊन दहा वर्षं झाली, तिथे वह्या-पेन्सिलींचं दुकान आलं, पण जमीन काही विसरली नव्हती. माती काळपट, चिकट होती. खणणारा म्हणाला, "डिझेलचा भपकारा येतोय." भिंगरावाला आला नाही. पुसायच्या द्रावणांत आणि जळक्या प्लास्टिकमध्ये इतकी वर्षं काढून त्याचं नाक केव्हाच मेलं होतं. पण डोळे होते. त्याने तवा लावला, काढला, आणि जुन्या पाइपाच्या तोंडावर बुडबुडे फुटताना त्याला लख्ख दिसले.

त्याने हात आखडला. वीतभर मागे पाइप कापला, तासला, पुन्हा तवा लावला. पुन्हा बुडबुडे, कमी, पण होतेच. आणखी वीतभर कापला. आता खड्डा संपला होता. पाइप धरणाऱ्या जोडायच्या मशीनचा जबडा कसाबसा बसत होता. यापुढे कापायचं म्हणजे फरशी फोडून पुढे खणायला हवं, नाहीतर बोल्टांचा जोड मागवायला हवा. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला गोदामात, म्हणजे दोन तास कुठे गेले नाहीत. फोनवर साहेबांनी सरळ विचारलं होतं, "पाठवू का बोल्टवाला?"

"नको, होतंय," भिंगराव म्हणाला.

वरती पेन्शनर ताईला म्हणत होते, "काय हो, तुमचे बंधू नुसते कापतच सुटलेत?" लोक हसले. ताईही हसली, पण तिचं हसू जरा उतरलेलं होतं. भिंगरावाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने तिसऱ्यांदा तवा लावला. वळी उठली. त्याने तवा काढला, आणि ज्या तीन सेकंदांत खाली बघायचं त्या तीन सेकंदांत मान वर करून ताईच्या खिडकीकडे बघितलं. ताईने हात वर केला. टोकं एकमेकांवर दाबली गेली.

बाहेरची वळी एका बाजूला जराशी खडबडीत होती. मोडीत काढावी इतकी नव्हती. दाबाच्या तपासणीत काटा जागचा हलला नाही. भिंगरावाने एक्केचाळीस लिहिलं, तारीख लिहिली. गुडघे टेकून नाक लावायचं मात्र त्याने त्या दिवशी टाळलं, आणि हे टोळीत कुणाच्याच लक्षात आलं नाही. खड्डा बुजला. ताईने त्याला ओढत घरात नेलं, सगळ्यांच्या देखत शेगडी पेटवली, निळी ज्योत भक्कन उठली, आणि भिंगराव दोन पावलं मागे सरला.

एखादा म्हणेल, त्यात काय, असे कानाडोळे रोज होतात. होतात ना! पण त्याची गंमत अशी होती की त्याने वाईट जोड बघून दडपला नव्हता. तसं असतं तर निदान ठाऊक तरी असतं. त्याने बघितलंच नव्हतं. तिसऱ्या कापाला बुडबुडे नसतीलही. असतीलही. तवा निघताना चर्र असं काही ऐकू आलं होतं का? जनरेटर चालू होता, सांगता येईना. दिवसातून दहा वेळा तो त्या क्षणाकडे परत जायचा, मान खाली घालायचा प्रयत्न करायचा, आणि प्रत्येक वेळी त्याला ताईची खिडकीच दिसायची. मग स्वतःला समजवायचा, ताईने हाक मारली म्हणून मी वर बघितलं. हाक आली की माणूस बघणारच. एवढ्यावर दोन-चार दिवस निघायचे. मग कपडे भिजवलेल्या बादलीत फेस दिसायचा, दूध उकळताना साय फाटून बुडबुडा यायचा, आणि तो स्वयंपाकघरातून उठून बाहेर जायचा.

दुसऱ्याच रविवारी तो ताईकडे गेला. तिसऱ्या रविवारीही गेला. मग दर रविवारी. बायको म्हणाली, "माझ्या माहेरी इतक्या वर्षांत चारदा आलात. आता बहिणीचं एवढं प्रेम कुठून उफाळून आलं?" तो चपला घालून बाहेर पडला. बसमधून उतरला की आधी गल्लीतल्या डांबराच्या त्या ठिगळापाशी थांबायचा. ते खचलंय का, कडेला चीर पडलीय का, बघायचा. एकदा वाळूचा ट्रक त्याच्यावर मागे घेत होते, तर हा दोन्ही हात पसरून आडवा झाला आणि ड्रायव्हरशी हमरीतुमरीवर आला. गल्लीला वाटलं, बहिणीच्या दारात धूळ नको म्हणून भांडतोय.

घरात शिरला की पहिला प्रश्न, "ताई, कसला वास येतो का गं?"

"कसला?"

"गॅसचा. कुजकट असतो तो."

ताई नाक वर करून हुंगायची. "नाही बाबा."

स्वतःचं नाक मेलेलं, तेव्हा तिच्या नाकावर भिस्त. तिने नाही म्हटलं की त्याच्या छातीवरचा दगड पुढच्या शनिवारपर्यंत हलका व्हायचा. एक मात्र त्याने तिला बजावून ठेवलं होतं, स्वयंपाकघराची खिडकी कधी लावायची नाही, थंडी असो नाहीतर वारा असो. का, ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. त्या थंडीत ताईला जो खोकला जडला तो दोन महिने गेला नाही, आणि भिंगराव औषधाची बाटली घेऊन यायचा आणि खिडकी उघडी आहे ना ते बघायचा. स्वतःची लाज वाटावी असे प्रसंग माणसाच्या आयुष्यात असतात. हा त्यातला होता, आणि त्याला ती वाटत होती.

असे सात-आठ महिने गेले. एका रविवारी त्याला घाई होती. वास नाही एवढं ऐकून तो चपला घालू लागला, तेवढ्यात ताई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "आज सकाळी मात्र जरासा वास आल्यासारखा वाटला हं."

त्याने चपला काढल्या. साबणाचं पाणी करून त्याने शेगडीच्या नळीपासून मीटरपर्यंत सांधा न् सांधा माखला, ओट्याखाली पालथा पडून बघितलं, भिंतीला कान लावला. ताईने दोनदा चहा केला, जेवायला वाढलं, लहानपणीच्या चार गोष्टी काढल्या. तो दिवेलागणीला गेला. पुढच्या रविवारी निवांत बसला होता, तेव्हा वास नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी लवकर निघतो म्हणाला आणि वास आला. यात काही क्रम आहे हे दुसऱ्या कुणाच्याही ध्यानात आलं असतं. भिंगरावाच्या आलं नाही. धास्तावलेल्या माणसाला एकच गोष्ट ऐकू येते.

त्याने ऑफिसातून गॅस पकडणारं यंत्र मागून आणलं. ठिगळाच्या कडेने सळईने भोकं पाडून नळी आत घातली. आकडा शून्य. खिडकीखाली शून्य, गटारापाशी शून्य. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं, याची झोप उडाली. गॅस मातीत कुठूनही वाट काढतो. भिंतीच्या पोकळीत साठत असेल तर? यंत्र शून्य म्हणतंय आणि ताईला वास येतोय, म्हणजे तो जिथे आहे तिथे आपण पोचलेलोच नाही. आता तो बुधवारीही जाऊ लागला. कामावर टोळीतली माणसं त्याच्याकडे बघून एकमेकांना खुणा करायची, कारण भिंगराव आता प्रत्येक जोडाकडे इतका वेळ बघत बसायचा की खड्डा बुजवायला अंधार व्हायचा. त्याचं वजन उतरलं. त्या दिवसाला वर्ष उलटून दोन महिने झाले होते.

शेवटी एका रविवारी तो रिकामी सुटकेस घेऊनच ताईकडे गेला.

"ताई, चल. आमच्याकडे राहायला यायचंय तुला."

"का? काय झालं?"

"झालं काही नाही. चल तू."

"अरे, किती दिवस?"

"कायमची चल." मग तो खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. गॅरेजची माती, बुडबुडे, तीन काप, आणि तिसऱ्या वेळी न बघता दाबलेला जोड. "तुझ्या या खिडकीखाली आहे तो. माझ्या हातचा. आणि तुला वास यायला लागलाय. एखाद्या दिवशी तू शेगडी पेटवशील आणि..." त्याने शेगडीकडे बोट दाखवलं.

ताई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मला वास कधी आलाच नाही रे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"एकदाही नाही. तू आलास की चपला घालायची घाई. वास येतोय म्हटलं की दिवसभर थांबायचास. जेवायचास. मला काय ठाऊक, तुझ्या जिवाला एवढं लागतंय? मला वाटलं, तुझं ते कामच आहे, तपासायचं. बसला आहे तर बसू दे." तिचे डोळे भरून आले होते. "खोटं बोलले मी. माझ्यावर रागव."

भिंगराव रागावला नाही. त्याला एकदम हसू फुटलं. वास नव्हता! यंत्र बरोबर होतं. चौदा महिन्यांत जरासाही गॅस सुटला नव्हता, म्हणजे जोड चांगला होता. निदान असायला हरकत नव्हती. सुटकेस रिकामीच परत नेता येईल, कुणाला काही सांगायला नको, आणि उद्यापासून दूध उकळताना स्वयंपाकघरात उभं राहता येईल. इतकं हलकं त्याला वर्षभरात वाटलं नव्हतं.

"तरी मी म्हणतोय," तो डोळे पुसत म्हणाला, "तू त्या वेळी हाक मारलीस ना, म्हणून घोळ झाला. नाहीतर मी बघितल्याशिवाय जोड दाबणारा माणूस आहे का?"

"मी कुठे हाक मारली?"

"खिडकीतून. हात केलास की."

"हात केला, पण हाक नाही मारली. तू आधी वर बघितलंस." ताई आठवून आठवून बोलत होती. "तू टक लावून माझ्याकडे बघत होतास, मला वाटलं याला पाणी हवंय. म्हणून मी हात केला, आणते म्हणून."

बाहेर ठिगळावरून एक सायकल गेली. वर्षभर ज्या हाकेला धरून तो उभा होता ती हाक नव्हतीच. त्याने मान आपणहून वर केली होती. खाली काय आहे ते दिसू नये म्हणून.

"उद्या साहेबांना सांगतो," तो म्हणाला.

"काय सांगतोस? वास नाही म्हटलं ना मी?"

"वास नाही. पण जोड काय आहे ते मला माहीत नाही."

"नोकरी जाईल तुझी."

"जोड लावायच्या परवान्याचं कार्ड तरी नक्की जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर?" ताईने हे हळूच विचारलं. तिला भावाची नोकरीही हवी होती.

"तर मी दर रविवारी येईन, ताई," भिंगराव म्हणाला. "आणि तुला भेटायला एकदाही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. साहेब त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते, आणि हे काम त्यांनी पहिल्यांदा भिंगरावाच्याच खड्ड्यावर उभं राहून बघितलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं. ओरडले नाहीत. "मी तेव्हा फोनवर विचारलं होतं," एवढंच म्हणाले, आणि दुपारच्या आत ताईच्या गल्लीत टोळी पाठवली. ताईला आणि तिच्या भिंतीला भिंत असलेल्या दोन घरांना बाहेर काढलं. या वेळी फरशी फोडून खड्डा पुढे नेला, पार स्वच्छ माती लागेपर्यंत. गॅस बंद करून जोड दोन्हीकडून हातभर अंतरावर कापून वर काढला. तेलकट मातीतला सगळा जुना पाइप काढून टाकला, नवा घातला आणि दोन्ही टोकांना बोल्टांचे जोड आवळले. एवढं झाल्यावर गल्लीवरचं संकट टळलं. पेन्शनर मात्र ताईशी एक शब्द बोलले नाहीत.

काढलेला जोड गाडीच्या मागच्या फळीवर ठेवला. साहेबांनी त्याच्यातून उभी पट्टी कापायला लावली आणि ती दोन्ही हातांनी वाकवली. चांगला जोड असला तर पट्टी वाकते, दुमडते, पण जोडाशी उघडत नाही. ही अर्धीसुद्धा वाकली नाही. काट् असा आवाज झाला आणि तिचे दोन तुकडे झाले. आतल्या तोंडावर बारीक बारीक खड्डे होते, सगळीकडे. जे तीन सेकंदांत बघायचं होतं ते भिंगरावाने चौदा महिन्यांनी बघितलं, आणि नजर न काढता बघितलं. हा जोड अजून सुटला नव्हता याला कारण काही नव्हतं. ट्रक गेला नव्हता इतकंच.

"बाकीचे?" साहेबांनी विचारलं.

"बाकीचे चांगले आहेत, साहेब. हा एकच."

"कशावरून?"

मी बघितलेत, हे एकच उत्तर होतं भिंगरावापाशी. सव्वीस वर्षांत हजारो जोड, आणि प्रत्येकाला साक्षीदार कोण, तर हा. आजवर ते पुरत होतं. साहेबांच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं की आता ते पुरणार नाही, आणि साहेबांचं यात काही चुकत नव्हतं.

त्याचं कार्ड त्याच दिवशी जमा झालं. मग कंपनीने ठरवलं की एक्केचाळीस नंबरचे थोडे जोड उकरून बघायचे. जिथे जिथे जवळपास गॅरेज होतं, पेट्रोल पंप होता, रंगाचं गोदाम होतं अशा जागा निवडून. जागा दाखवायला भिंगरावालाच घेतलं, कारण कागदावर नुसतं रस्त्याचं नाव होतं आणि त्याला मात्र कुठल्या खांबापासून किती पावलं ते पाठ होतं. तो पुढे चालायचा, खडूने फुली मारायचा, बाजूला उभा राहायचा. दुसरेच लोक खणायचे. खाली त्याचे जोड निघायचे, वळी एकसारखी, शेजारी चंदेरी एक्केचाळीस. धड असलेले, कुणाचं काही वाकडं न केलेले जोड. ते कापून काढायचे, पट्टी करायची, वाकवायची. पहिली पट्टी वाकून दुमडली आणि उघडली नाही. दुसरी तशीच. पाचवी तशीच. टोळीतल्या माणसांना हायसं वाटू लागलं, कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो मात्र प्रत्येक पट्टी वाकताना श्वास धरायचा, आणि ती धड निघाली तरी सोडायला विसरायचा. ताईकडे तो मधल्या रविवारी गेला होता. बसला, जेवला, पण तिने विचारलेलं त्याला दोनदा ऐकू गेलं नाही. मनात तो पुढच्या फुलीपाशी होता.

अकरावी पट्टी साहेबांनी स्वतः वाकवली, उलट वाकवली, पिळून बघितली. कुठे काही उघडलं नाही. त्यांनी ती भिंगरावाच्या हातात दिली.

"पुरे आता, भिंगराव," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी जुना आदर होता. "अकरा झाले. अकराच्या अकरा चोख. मी तसं लिहून देतो. आता विश्वास बसला."

भिंगरावाने पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि फळीवर ठेवली.

"तुमचा बसला, साहेब," तो म्हणाला, आणि खडू घेऊन पुढच्या जागेकडे चालू लागला.